कराची की चितगाव? आधी पदक उलटून बघा

वाचकाचं पत्र

माझे वडील 1967 साली नौदलात ‘बॉय’ म्हणून भरती झाले आणि 1992 मध्ये मास्टर चीफ म्हणून निवृत्त झाले. सगळी नोकरी इंजिनकडची. गेल्या मार्गशीर्षात ते गेले. वर्षश्राद्धाला नातेवाईक, गावकडची मंडळी आणि त्यांचे जुने सोबती येतील. त्यांच्या हातात बाबांच्या आयुष्यावर एक छोटी पुस्तिका द्यावी असं मनात आहे. बाबा नोकरीबद्दल घरी फारसं बोलत नसत. त्यांची काळी पत्र्याची पेटी आमच्याकडे आहे. त्यात पाच पदकं, टोपी, दोन पांढरे युनिफॉर्म, चिकट पानांचा अल्बम आणि आईला लिहिलेली आंतर्देशीय पत्रं आहेत. भाऊ म्हणतो, बाबा कराचीच्या हल्ल्यात होते, तेच मुखपृष्ठावर घेऊ. पण ताऱ्यासारख्या एका पदकावर ‘पूर्वी’ असं काहीतरी वाचता येतं. पदकं पितांबरीने घासून फ्रेम करायचंही चाललंय. सुरुवात कुठून करू?
– एक लेक, ऐरोली

उत्तर

ताई, पदकं घासायचं आधी थांबवा. पितांबरी तांब्यापितळेच्या भांड्यांसाठी उत्तम, पदकांसाठी नाही. आपल्याकडची बरीच सेवा-पदकं तांबे-निकेलच्या मिश्रधातूची असतात. घासली की उठावाची अक्षरं बोथट होतात, पूड फटीत बसून पांढरी पडते आणि रिबिनीला लागली तर तिचा रंग उतरतो. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या अक्षरांतच आहे. कोरड्या मऊ कापडाने पुसा, त्यापलीकडे काही करू नका. पदकं ओळीने लावलेली पट्टी, म्हणजे बार, उसवूही नका. वडिलांनी ज्या क्रमाने पदकं लावून घेतली होती तो क्रमही एक पुरावाच आहे. पुढून आणि मागून आधी फोटो काढून ठेवा.

आता प्रत्येक पदक उलटं करा आणि खिडकीपाशी तिरक्या उजेडात त्याची कड बघा. तारा असेल तर त्याची मागची बाजू बघा. तिथे नंबर, हुद्दा आणि नाव बारीक अक्षरात कोरलेलं असतं. नौसैनिकाच्या नंबरात आकडे आणि शेवटी एक इंग्रजी अक्षर असतं, ते अक्षर गाळू नका. कड कोरी असेल तर ते पदक बहुधा बाजारातून घेतलेलं बदली पदक आहे. मूळ हरवलं की अनेकजण कॅन्टीनजवळच्या दुकानातून दुसरं घेत. त्यात लबाडी काही नाही, पण पुरावा म्हणून त्याचा उपयोग नाही.

तुम्ही पाच पदकं म्हणता. 1967 ते 1992 एवढी नोकरी झालेल्या आणि 1971 पाहिलेल्या नौसैनिकाकडे साधारण कोणती पाच असतील ते सांगतो, म्हणजे ताळा करता येईल. पूर्वी स्टार, म्हणजे 1971 च्या पूर्व आघाडीवरच्यांना मिळालेला तारा. 1971 च्या लढाईच्या काळात सेवेत असलेल्यांना मिळालेलं संग्राम पदक. 15 ऑगस्ट 1972 रोजी सेवेत असलेल्यांना मिळालेलं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं पदक. आणि 9 वर्षं व 20 वर्षं दीर्घ सेवेची दोन. यांच्याऐवजी 1965 च्या लढाईचं किंवा 1997 च्या पन्नासाव्या वर्धापनदिनाचं पदक निघालं, तर ते तुमच्या वडिलांचं असू शकत नाही. 1965 ला ते भरती झाले नव्हते आणि 1997 ला घरी आले होते. असं पदक सापडलं तर कडेवरचं नाव वाचा. एखाद्या काकांचं किंवा मामांचं पदक त्याच पेटीत जाऊन बसलेलं असतं, हे बऱ्याच घरांत घडतं.

आता कराची. 4 डिसेंबर 1971 च्या रात्री कराचीवर हल्ला केला तो निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी, सोबत किल्तन आणि कच्छल होत्या. त्याची आठवण म्हणून 4 डिसेंबर हा नौदल दिन. पण ती आघाडी पश्चिमेची आणि तिथल्यांना मिळाला तो पश्चिमी स्टार. क्षेपणास्त्र नौकांवर माणसं मोजकी असत आणि ती सोव्हिएत रशियात प्रशिक्षण घेऊन आलेली. वडील त्यांत असते तर रशियाचा उल्लेख कागदांत कुठेतरी आलाच असता आणि घरात दोन-चार रशियन शब्दही ऐकू आले असते. तुमच्या हातात ‘पूर्वी’ आहे, म्हणजे बंगालचा उपसागर. भावाला वाईट वाटेल, पण त्यांना सांगा की मुखपृष्ठावर चुकीची लढाई छापली तर ती पहिल्यांदा ओळखतील वर्षश्राद्धाला आलेले वडिलांचे सोबतीच.

आणि पूर्वेकडची हकिगत कुठे कमी आहे? ती इंजिनवाल्यांचीच हकिगत आहे. पूर्वेच्या ताफ्यात विमानवाहू विक्रांत होती. तिच्या चार बॉयलरपैकी एकाला तडा गेलेला होता, म्हणून तिच्या वेगावर मर्यादा होती. विमानवाहू नौकेवरून विमान उडवायचं तर डेकवरून समोरचा वारा लागतो, आणि वारा पडलेला असेल तर तो नौकेच्या वेगातूनच काढावा लागतो. त्यात विमान फेकणारा कॅटापल्टही वाफेचा, म्हणजे वाफ त्याच बॉयलरांची. तीन बॉयलरांवर नौकाही पळवायची आणि कॅटापल्टलाही वाफ द्यायची, अशा स्थितीत 4 डिसेंबरला तिची विमानं तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्स बाजार आणि चितगाववर गेली. वर्तमानपत्रात वैमानिकांचे फोटो आले. खाली वाफेचा दाब धरून बसलेल्यांचा फोटो कोण काढणार?

मात्र यावरून लगेच ‘वडील विक्रांतवर होते’ असं छापू नका. पूर्वी स्टार त्या आघाडीच्या इतर नौकांवरच्यांनाही मिळाला. ब्रह्मपुत्रा, बियास, कामोर्ता, कवरत्ती याही तिथे होत्या. इंजिनवाल्याच्या बाबतीत हा फरक फार मोठा. ब्रह्मपुत्रा आणि बियास डिझेलवर चालत, त्यांच्या इंजिन खात्यात बॉयलर रूमचं काम नव्हतं. कामोर्ता-कवरत्ती रशियन बनावटीच्या, डिझेल आणि गॅस टर्बाइनवाल्या. विक्रांत वाफेची. नौका कळली नाही तर वडिलांनी रोज काय केलं तेही लिहिता येणार नाही.

नौका कळायचे तीन रस्ते आहेत. पहिला सरकारी. नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये असलेल्या ‘कमोडोर, ब्यूरो ऑफ सेलर्स’ या कार्यालयाकडे असतात. ऐरोलीहून गाडीने वाशीला जा, तिथून हार्बरची गाडी धरली की खाडीपलीकडचं पहिलंच स्टेशन. तरी थेट जाऊन उभं राहू नका, आधी पत्र पाठवा. पत्र तुमच्या नावाने नको, आईच्या सहीने जाऊ दे. सेवेच्या कागदांत वारस म्हणून नाव तिचं असतं आणि दुसऱ्याची खासगी माहिती मागितल्याचा आक्षेप मग येत नाही. पत्रात नंबर (शेवटच्या अक्षरासकट), हुद्दा, नाव डिस्चार्जच्या कागदावर आहे अगदी तसं, जन्मतारीख, भरती आणि निवृत्तीच्या तारखा, पेन्शन पेमेंट ऑर्डरचा क्रमांक हे सगळं लिहा. मृत्यूचा दाखला आणि आईच्या ओळखपत्राची प्रत जोडा. मागणी मोघम करू नका. ‘माहिती मिळावी’ असं लिहिलं तर उत्तरही मोघमच येतं. ‘कोणत्या नौकेवर किंवा तळावर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, बढत्यांच्या तारखा आणि दिलेली पदकं’ एवढंच आणि असंच मागा. नावाचा घोळ सगळ्यात जास्त अडवतो. कागदावर आडनाव आधी आणि पुढे नुसती आद्याक्षरं, आधारवर पूर्ण नाव, आणि आईच्या नावाचं स्पेलिंग तिसरंच. तसं असेल तर पत्रातच एक ओळ टाकून खुलासा करा.

पत्र नीट लिहून घ्यायला मदत हवी असेल तर ठाण्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. ऐरोली ठाणे जिल्ह्यात येते म्हणून तुम्हाला ठाणे. खारघर, कामोठे, पनवेलकडच्या वाचकांनी लक्षात घ्यावं की तुम्ही नवी मुंबईचे असलात तरी जिल्हा रायगड, तुमचं कार्यालय अलिबागला.

दुसरा रस्ता आंतर्देशीय पत्रांचा, आणि तो आम्हाला जास्त आवडतो. समुद्रावरच्या नौसैनिकाचा पत्ता ‘नौकेचं नाव, फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ किंवा विशाखापट्टण, कोचीन असा असायचा. म्हणजे पाठवणाऱ्याच्या पत्त्यात नौका मिळते आणि शिक्क्यावर तारीख. आईकडे 40 पत्रं असली तरी नौकांचा निम्मा आराखडा घरबसल्या तयार होतो. एक वही करा आणि पत्र न वाचता फक्त पत्ता आणि शिक्का टिपून घ्या. आतला मजकूर आईचा आहे. काय छापायचं, काय नाही ते तिने ठरवावं, आणि तिने ‘एकही ओळ नाही’ म्हटलं तर विषय संपला.

तिसरा रस्ता फोटो. ते वाचायला शिकावं लागतं. डाव्या दंडावर एक अँकर असेल तर हुद्दा ‘लीडिंग’चा (पेटी ऑफिसरच्या एक पायरी खालचा), दोन अँकर एकमेकांवर तिरके असतील तर पेटी ऑफिसर. उजव्या दंडावर शाखेची खूण, इंजिनवाल्यांची प्रॉपेलरची. अँकर उजवीकडे दिसला तर वडिलांनी चुकीचा लावलेला नाही, निगेटिव्ह उलटी छापली गेली आहे. स्कॅन आरशासारखा फिरवून घ्या. टोपीच्या पट्टीवर नौकेचं नाव असेल तर ते भिंगातून वाचा. मागे विक्रांत दिसत असेल तर तिचं नाक बघा. डेकचं टोक सपाट असेल तर फोटो जुना. उताराचा ‘स्की-जंप’ तिला ऐंशीच्या दशकाच्या शेवटी दुरुस्तीत बसवला. डेकवर सी हॅरियर दिसली तर साल 1983 किंवा नंतरचं.

विक्रांतचा फोटो इंटरनेटवरून घेणार असाल तर विशेष जपा. जुनी विक्रांत 4 मार्च 1961 ला नौदलात आली, 31 जानेवारी 1997 ला निवृत्त झाली आणि 2014 पासून तोडली गेली. नवी 2 सप्टेंबर 2022 ला आली. दोघींचं नाव एक आणि अंगावरचा क्रमांकही आर-11 हाच, त्यामुळे शोधलं की नव्या नौकेचेच फोटो आधी समोर येतात. नौदलात नावं अशी पुन्हा पुन्हा वापरतात. म्हैसूर, दिल्ली, तलवार, खुकरी, निलगिरी या सगळ्या दोनदा झाल्या. ध्वजाचंही तेच. अष्टकोनी निळ्या चिन्हाचा आजचा नौदल ध्वज 2022 चा. तुमच्या वडिलांच्या संपूर्ण नोकरीत नौकेवर होता तो पांढऱ्यावर लाल क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा असलेला. डीटीपीवाला हौसेने नवा ध्वज टाकील, त्याला थांबवा.

पुस्तिकेचा गाभा मात्र वडिलांचं काम असू दे. ‘त्यांनी देशाची सेवा केली’ हे वाक्य कोणत्याही माजी सैनिकाच्या पुस्तिकेत बसतं, म्हणून ते कोणाचंच नसतं. नौका वाफेची निघाली तर बॉयलर रूममध्ये वॉचवर, म्हणजे पाळीवर, असलेला माणूस काय बघत होता, ते लिहा. गेज ग्लासमध्ये पाण्याची पातळी बघायची. ती खाली गेली तर नळ्या जळतात, फार वर गेली तर वाफेबरोबर पाणी टर्बाइनमध्ये जाऊन पाती मोडतात. धूर बघायचा. काळा झाला तर हवा कमी पडतेय, पांढरा झाला तर जास्त होतेय, आणि लढाईत तर धूर म्हणजे शत्रूला आपला पत्ताच. बॉयलरच्या पाण्यात मीठ तपासायचं, कारण वाफेचं पुन्हा पाणी करणाऱ्या कंडेन्सरची एखादी नळी गळली की समुद्राचं पाणी आत शिरतं आणि बॉयलर आतून खायला लागतं. हे सगळं चाळिशीच्या वर गेलेल्या तापमानात, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात, चार-चार तासांच्या पाळीने. मिडल वॉच म्हणजे रात्री 12 ते पहाटे 4. निवृत्तीनंतरही वडील मध्यरात्री उठून घरात फेऱ्या मारत असतील किंवा मोठ्याने बोलत असतील, तर त्याचं मूळ इथे सापडेल.

सोबत्यांना फोन कराल तेव्हा ‘बाबा कसे होते?’ असं विचारू नका. ‘फार चांगला माणूस’ एवढंच उत्तर मिळेल. ‘तुम्ही कोणत्या बॉयलर रूमला होता? वॉचवर बरोबर कोण? मेसमध्ये जेवणावरून भांडण व्हायचं का? लिबर्टीला (किनाऱ्यावरच्या सुट्टीत) कुठे जायचात? ड्राफ्ट (बदलीचा हुकूम) आला तेव्हा कुठे गेले?’ असं विचारा. फोन स्पीकरवर ठेवून दुसऱ्या मोबाइलवर रेकॉर्ड करा, अर्थात त्यांना सांगून. दोघांच्या तारखा जुळल्या नाहीत तर वाद घालू नका. शिक्क्याची तारीख खरी धरा आणि आठवण ‘अमुक सांगतात’ म्हणून द्या. कागदावरचं काय आणि आठवणीतलं काय, हा भेद पुस्तिकेत शेवटपर्यंत ठेवा. वडिलांचे नातू मोठे होऊन ती वाचतील तेव्हा त्यांना तो लागेल.

चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. आधी अख्ख्या पानाचा फोटो घ्या, कारण शेजारी काय चिकटवलंय आणि खाली काय लिहिलंय त्यालाही अर्थ असतो. मग कोपऱ्यापासून दात साफ करायचा दोरा करवतीसारखा हळू सरकवत फोटो सोडवा. सुटत नसेल तर पानासकटच स्कॅन करा. लहान फोटो 600 डीपीआयला स्कॅन केला की छपाईच्या 300 डीपीआयवर दुप्पट मोठा घेता येतो. मोबाइलची ‘स्कॅन’ अॅप कडा कापतात आणि चेहरे गुळगुळीत करतात, ती सुधारणा बंद करा. छापखान्याला व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवायचे तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, नाहीतर ते दबून जातात. नावं फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, फोटो कागदी पाकिटात घाला आणि पाकिटावर लिहा.

पेटी खाडीकाठच्या पावसाळी हवेत तळाशी ओल धरते. ऊन पडलेल्या दिवशी उघडा, आतला जुना वर्तमानपत्राचा कागद फेकून द्या, गंज कोरड्या कापडाने पुसा. युनिफॉर्म धुऊन ठेवा पण खळ घालू नका, कसरीला खळ आवडते. मलमलीत गुंडाळा, घडीच्या जागी कापडाची वळकटी ठेवा. पितळी बटणं चमकवायचीच असतील तर मध्ये खाच पाडलेला पुठ्ठा बटणाखाली सरकवून मग पुसा. डिस्चार्ज बुकाला लॅमिनेशन नको, ते पुन्हा निघत नाही आणि उष्णतेने जुनी शाई फुटते. ते फ्रेममध्येही नको. आईला सैनिक कल्याण कार्यालयात आणि पेन्शनच्या कामाला मूळ प्रत लागू शकते. फ्रेम फक्त पदकांची करा. फेविकॉल किंवा दुहेरी टेप न लावता बार मागून दोऱ्याने टाचून घ्या, आणि फ्रेम बाथरूमच्या भिंतीवर किंवा थेट उन्हात टांगू नका, रिबिनी फिक्या पडतात.

कार्यक्रमाबद्दल दोनच गोष्टी. नातवाला युनिफॉर्म घालून उभं करायची कल्पना कोणीतरी काढेल, ती मोडून काढा. युनिफॉर्म टेबलावर घडी करून, वर टोपी ठेवून मांडा. आणि फोटोवर तिरंगा पांघरू नका. ध्वजसंहितेनुसार ध्वज असा पांघरायला वापरता येत नाही, अपवाद फक्त शासकीय, लष्करी आणि निमलष्करी इतमामाच्या अंत्यविधीचा.

नातवंडांना काही प्रत्यक्ष दाखवायचं असेल आणि नौका विक्रांतच निघाली, तर मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ तिच्या पोलादातून घडवलेलं स्मारक आहे.

छपाईला ए-5 आकार, पिन मारलेली बांधणी, पानं 4 ने भाग जातील अशी. 24 पुरतात. आतला कागद 100 जीएसएमच्या खाली नको, नाहीतर मागच्या पानावरचा फोटो पुढे दिसतो. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर डीटीपीवाला त्याच्या फॉन्टमध्ये बदलतो तेव्हा ‘दुसऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ अशा शब्दांतला ऱ्य हमखास मोडतो. म्हणून अंतिम पीडीएफ कागदावर काढून कोणाकडून तरी मोठ्याने वाचून घ्या, स्क्रीनवर तपासू नका. वडिलांचा सेवा क्रमांक, पेन्शन ऑर्डरचा क्रमांक आणि आईची जन्मतारीख पुस्तिकेत किंवा फोटोतल्या कागदांवर दिसता कामा नये, स्कॅनवर पट्टी मारा. कुटुंब निवृत्तिवेतन घेणाऱ्या बायकांना फसवे फोन याच माहितीच्या जोरावर येतात.

मानखुर्दचं पत्र मात्र याच आठवड्यात स्पीड पोस्टने टाका आणि पोच जपून ठेवा. उत्तर दिवाळीनंतर आलं तर नौकांच्या तारखांचं पान तेवढं शेवटी बसवता येईल, बाकीची पुस्तिका तोवर तयार ठेवा.